वॉल्डॉर्फचे एकवीस मिनिटांचे उड्डाण

२७ सप्टेंबर २००८, शनिवार. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या दक्षिण भागात, वॉल्डॉर्फ येथे रात्री एक मोटार अपघात झाला आणि त्यात दोन तरुणी जखमी झाल्या. स्थानिक रुग्णवाहिकेचे पथक पोहोचले, त्याने जखमींची तपासणी केली आणि अकरा वाजून एक-दोन मिनिटांनी राज्य पोलिसांकडे हेलिकॉप्टरची मागणी नोंदवली. वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावरून ‘ट्रूपर-२’ या सांकेतिक नावाचे दोफँ जातीचे हेलिकॉप्टर निघाले आणि वॉल्डॉर्फमधील एका प्राथमिक शाळेच्या आवारात उतरले. दोन्ही जखमींना आत घेण्यात आले. पोलीस दलाचा पॅरामेडिक (तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी) एकच असल्यामुळे स्थानिक पथकातील एका व्यक्तीला सोबत घेण्यात आले आणि ११ वाजून ३७ मिनिटांनी हेलिकॉप्टर शेव्हर्ली येथील प्रिन्स जॉर्जेस रुग्णालयाच्या दिशेने उडाले. ११ वाजून ५८ मिनिटांनी ते अँड्र्यूजच्या धावपट्टीच्या सुमारे पाच किलोमीटर अलीकडे, डिस्ट्रिक्ट हाइट्स परिसरातील एका उद्यानाच्या झाडीत कोसळले. वैमानिक, पॅरामेडिक, सोबत आलेली व्यक्ती आणि दोन जखमींपैकी एक असे चौघे मरण पावले. दुसरी जखमी तरुणी गंभीर अवस्थेत वाचली.

अपघाती रुग्णासाठी हेलिकॉप्टर लवकर पाठवल्याने जीव वाचतात का, हा प्रश्न निघाला की या प्रकरणाची आठवण बहुधा वैमानिकी चुकीचे उदाहरण म्हणून काढली जाते. ते खरेच आहे, पण तेवढ्यावर थांबले तर वैद्यकीय व्यवस्थेला विचारायचा प्रश्न बाजूलाच राहतो. ते हेलिकॉप्टर त्या शाळेच्या आवारात उतरले कसे, कोणत्या नियमाने, आणि ते ‘लवकर’ आले होते की उशिरा, हे पाहिल्याशिवाय या प्रकरणाचा अर्थ लागत नाही.

आधी त्या रात्रीच्या उड्डाणाविषयी. निघताना वॉल्डॉर्फवरचे आकाश उघड्या डोळ्यांनी उडता येईल इतके स्वच्छ होते. मात्र रुग्णालयाच्या बाजूला ढग खाली आलेले होते. मागणी आली तेव्हा तिकडे पोहोचता येईल की नाही याबद्दल वैमानिकाच्या मनात शंका होती आणि ती त्याने नियंत्रण केंद्राशी बोलताना व्यक्तही केली होती. त्याच सुमारास दुसऱ्या एका सेवेचे हेलिकॉप्टर त्या भागात रुग्ण घेऊन गेल्याचे त्याच्या कानावर होते, आणि ते जाऊ शकते तर आपणही जाऊ शकतो, असा विचार करून त्याने काम स्वीकारले. ‘गतानुगतिको लोकः’ हे आपण एरवी हसत म्हणतो, पण दुसरा गेला हा पुरावा हवामानाबद्दल काहीच सांगत नाही, कारण तो गेला तेव्हाचे हवामान आणि आपण जाऊ तेव्हाचे हवामान ही दोन वेगळी हवामाने असतात. त्या रात्री परिसरात तापमान आणि दवबिंदू यांतले अंतर फार थोडे होते. धुके कधीही धरू शकेल, याची हीच खूण असते.

रुग्णालयाकडे जाताना हेलिकॉप्टर ढगात सापडले. वैमानिकाने तिकडे जाण्याचा विचार सोडला आणि आपल्याच तळावर, अँड्र्यूजला, उपकरणांच्या साहाय्याने उतरायचे ठरवले. हा निर्णय योग्यच होता. इथून पुढे मात्र एकेक धागा सुटत गेला. हवाई वाहतूक नियंत्रकांनी त्याला अँड्र्यूजचे जे हवामान सांगितले ते जवळजवळ पाच तासांपूर्वीचे होते आणि प्रत्यक्षात ढग त्याहून बरेच खाली आले होते. धावपट्टीकडे कोणत्या उतारावर यायचे ते दाखवणारा रेडिओ संकेत आपल्याला मिळत नाही, असे वैमानिकाने सांगितले. तेव्हा, फलकावर तो चालू दिसतो, पण बऱ्याच वेळात दुसरे कोणी विमान आलेले नसल्याने खात्री देता येत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. मग त्याने, रडारवर पाहून नियंत्रकानेच तोंडी सूचना देत आपल्याला खाली आणावे, अशी विनंती केली. पण त्या पद्धतीसाठी लागणारा सराव मुदतीत नसल्याने नियंत्रकाला ती मान्य करता आली नाही. उपकरणांवर उडण्याचा वैमानिकाचा अलीकडचा अनुभवही तुटपुंजा होता. खाली गेले की जमीन दिसेल, या भरवशावर त्याने हेलिकॉप्टर वेगाने खाली आणले आणि ज्या उंचीच्या खाली जायचे नसते तिथे ते थांबले नाही. जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारी यंत्रणा त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. शेजारच्या आसनावर दुसरा वैमानिकही नव्हता.

त्यानंतरचे दोन तास या प्रकरणातील सर्वांत बोचरा भाग आहेत. संपर्क तुटला तेव्हा हेलिकॉप्टर अँड्र्यूजला उतरले असावे, असे नियंत्रण केंद्रात गृहीत धरले गेले, कारण तळावर उतरल्यावर पडद्यावरून ते दिसेनासे होणे नेहमीचेच होते. ते उतरलेच नाही हे लक्षात आल्यावर शोध सुरू झाला, पण निर्देशांक सांगण्यात आणि समजून घेण्यात घोळ झाला. अवशेष सापडले तेव्हा पहाटेचे जवळजवळ दोन वाजले होते. ज्या तरुणीला एका तासाच्या आत रुग्णालयात पोहोचवण्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, ती आधीच्या अपघाताच्या जखमा आणि त्यावर या अपघाताच्या नव्या जखमा घेऊन साधारण दोन तास रात्रीच्या झाडीत पडून होती.

एका तासाचा हा आग्रह याच राज्यात रुजला. बाल्टिमोरमधील शल्यचिकित्सक आर. अ‍ॅडम्स काउली यांनी १९६० साली अवघ्या दोन खाटांवर तीव्र आघात झालेल्या रुग्णांचा अभ्यास सुरू केला. पुढे ‘शॉक ट्रॉमा सेंटर’ म्हणून जगभर ओळखली गेलेली संस्था त्यातूनच उभी राहिली. गंभीर जखमी माणसाला पहिल्या तासात योग्य ठिकाणी नेले तर तो वाचण्याची शक्यता सर्वाधिक, हे त्यांचे म्हणणे ‘गोल्डन अवर’ या नावाने प्रसिद्ध झाले. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरने हलवलेले सैनिक वाचत असल्याचा अनुभव ताजा होता. काउलींनी राज्य पोलिसांशी बोलणी केली आणि १९ मार्च १९७० रोजी पोलिसांच्या हेलिकॉप्टरने रस्त्यावरचा एक जखमी थेट या केंद्रात आणला. २००८ पर्यंत राज्यभर आठ तळांवर हेलिकॉप्टरे तैनात होती. आपल्याकडेही हा तास थेट कायद्यात आला आहे: मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीत ‘गोल्डन अवर’ची व्याख्या इजा झाल्यानंतरचा एक तास अशी केली आहे. पण हा नेमका साठ मिनिटांचा आकडा कोणत्या मोजणीतून आला, याचा शोध घेणाऱ्यांना त्यामागे ठोस आकडेवारी सापडलेली नाही. उत्तर अमेरिकेतील १४६ रुग्णवाहिका सेवांनी हाताळलेल्या ३,६५६ गंभीर जखमींच्या नोंदी तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालयात पोहोचेपर्यंत गेलेला वेळ आणि मृत्यू यांचा सरसकट संबंध दिसला नाही. याचा अर्थ वेळेला किंमत नाही असा घेऊ नये. पोटात रक्तस्राव चालू असलेल्या माणसाला एकेक मिनिट मोलाचे असते, आणि मनगट मोडलेल्याला तासाभराने काही बिघडत नाही. दोघांची सरासरी काढली की संबंध पुसट होतो. म्हणजे खरा प्रश्न हा की कोणत्या रुग्णाचे मिनिट मोलाचे आहे ते रस्त्याच्या कडेला, अंधारात, कुणी आणि कशावरून ओळखायचे.

मेरीलँडमध्ये त्यासाठी रुग्णांच्या चार प्रती, म्हणजे श्रेणी, होत्या. पहिल्या दोन रुग्णाच्या शरीरावरून ठरत: शुद्ध हरपलेली, रक्तदाब घसरलेला, श्वास फार मंद किंवा फार जलद, किंवा छातीत आरपार गेलेली जखम, मोडलेले कंबरेचे हाड, तुटलेला अवयव. तिसरी प्रत अपघाताच्या स्वरूपावरून ठरे, म्हणजे गाडी उलटली का, कुणी बाहेर फेकले गेले का, पत्रा बसणाऱ्याच्या जागेत किती आत घुसला. चौथीत वय, गर्भारपण, आधीचे आजार असे घटक येत. तिसऱ्या प्रतीचा तर्क असा की माणूस आत्ता बोलतो आहे, नाडी ठीक आहे, पण गाडीची अवस्था पाहता आत काहीतरी फाटलेले असू शकते, तेव्हा सावधच राहावे. वॉल्डॉर्फच्या दोघींची निवड अशीच, अपघाताच्या स्वरूपावरून झाली होती. प्रतवारीचे शास्त्र मानणारे लोक असा जादा सावधपणा गैर मानत नाहीत. गंभीर रुग्ण नजरेतून सुटण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत ठेवायचे असेल तर पाव ते एक तृतीयांश रुग्ण विनाकारण मोठ्या ट्रॉमा केंद्रात, म्हणजे गंभीर जखमींसाठीच्या खास रुग्णालयात, येतील, हे त्यांनी मान्यच केलेले आहे. पण रुग्णाला मोठ्या केंद्रात नेणे आणि त्याला हवेतून नेणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते मेरीलँडची गफलत इथे झाली. ‘कुठे न्यायचे’ या प्रश्नासाठी बनवलेली चाळणी ‘कशातून न्यायचे’ या प्रश्नालाही लावली गेली.

चाळणी इतकी सैल राहण्याला पैशाचेही कारण होते. मेरीलँडमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरने नेलेल्या रुग्णाला बिल येत नाही. वाहन नोंदणीबरोबर प्रत्येकाकडून वर्षाला काही डॉलर (त्या काळी ११) घेतले जातात आणि त्यातून ही सेवा चालते. खासगी हवाई रुग्णवाहिकेच्या हजारो डॉलरच्या बिलांनी घरे बुडालेल्या अमेरिकेत ही व्यवस्था किती माणुसकीची आहे हे वेगळे सांगायला नको. पण फुकट मिळणारी गोष्ट मागताना कोणी दोनदा विचार करत नाही, आणि न मागितल्याबद्दल जाब विचारला जातो तसा मागितल्याबद्दल विचारला जात नाही. शिवाय १९८६ साली बाल्टिमोरमध्ये धुक्यात एक हेलिकॉप्टर कोसळून दोघे मरण पावले होते, त्यानंतर बावीस वर्षे या सेवेत प्राणघातक अपघात झाला नव्हता. उड्डाणाचा धोका हिशेबात धरायचा असतो ही आठवण इतक्या वर्षांत पुसट होते. देशभरातील चित्रही वेगळे नव्हते: हेलिकॉप्टरने आणलेल्या ३७,३५० रुग्णांवरील बावीस अभ्यास एकत्र करून २००६ साली जे दिसले त्यानुसार साठ टक्के रुग्णांच्या इजा किरकोळ गटातल्या होत्या आणि सुमारे एक चतुर्थांश रुग्ण चोवीस तासांच्या आत घरी गेले होते.

आता लवकर आणि उशिरा या शब्दांकडे येऊ. हेलिकॉप्टर ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरने उडते म्हणून ते रुग्णवाहिकेपेक्षा लवकर पोहोचणार, असे आपण धरून चालतो. पण रुग्णाच्या दृष्टीने घड्याळ हेलिकॉप्टर उडाल्यावर सुरू होत नाही, ते फोन लागल्यावर सुरू होते. यंत्र सुरू करायला वेळ लागतो, मोकळी जागा शोधून ती अग्निशमन दलाकडून राखून घ्यावी लागते, रुग्णाला आधी रुग्णवाहिकेत आणि मग रुग्णवाहिकेतून त्या जागेपर्यंत न्यावे लागते, तिथे पॅरामेडिकला पुन्हा सगळे सांगावे लागते, पट्टे पुन्हा आवळावे लागतात. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो भागातील नोंदींवरून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा हिशेब नेमका मांडला आहे. रुग्णालय सुमारे १६ किलोमीटरच्या आत असेल तर रुग्णवाहिकाच आधी पोहोचते. त्याहून लांब असेल आणि हेलिकॉप्टर व रुग्णवाहिका पहिल्या फोनवरच एकाच वेळी निघाली असतील तर हेलिकॉप्टर आधी पोहोचते. पण रुग्णवाहिका आधी जाऊन, रुग्ण पाहून, मग हेलिकॉप्टर मागवत असेल, तर ते रुग्णवाहिकेच्या पुढे जाण्यासाठी अंतर सुमारे ७२ किलोमीटरच्या वर असावे लागते. मागणी करण्याची वेळ तेवढी बदलली की सीमारेषा १६ वरून ७२ वर जाते. हेलिकॉप्टर लवकर पाठवण्याच्या बाजूने याहून बोलका पुरावा मला माहीत नाही, आणि उशिरा पाठवण्याच्या विरोधातही.

वॉल्डॉर्फपासून शेव्हर्लीचे रुग्णालय रस्त्याने साधारण ४० किलोमीटर आहे, म्हणजे बरोबर या दोन सीमांच्या मध्ये. हेलिकॉप्टर मागवले गेले ते पथकाने जखमींना पाहिल्यानंतर, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने. फ्रेस्नोचे रस्ते वेगळे आणि वॉशिंग्टनची उपनगरे वेगळी, हे मान्य करूनही आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत: मागणी अकरा वाजून एक-दोन मिनिटांनी, रुग्णांसह उड्डाण अकरा सदतीसला. या पस्तीस मिनिटांत रुग्ण एक किलोमीटरसुद्धा रुग्णालयाच्या जवळ गेले नव्हते. जखमींना गाडीतून काढून स्ट्रेचरवर बांधायला काही मिनिटे लागलीच असती, हे धरूनही माझा अंदाज असा की मागणी केली त्याच वेळी रुग्णवाहिका निघाली असती, तर शनिवारी रात्रीच्या रस्त्यावर हेलिकॉप्टर जमीन सोडेपर्यंत तिने बहुतेक अंतर कापले असते. आकाश निरभ्र असते आणि उड्डाण सुखरूप झाले असते, तरी या दोघींचा वेळ वाचला नसता. म्हणून मी याला हेलिकॉप्टर लवकर पाठवल्याचे प्रकरण म्हणत नाही. उशिरा मागवलेले, आणि ज्यांना बहुधा त्याची गरज नव्हती त्यांच्यासाठी मागवलेले, असे हे हेलिकॉप्टर होते.

मग ज्यांना गरज असते त्यांचा किती फायदा होतो? बाल्टिमोरमधील संशोधकांनी २००७ ते २००९ या काळातील अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीतून गंभीर इजा झालेले २,२३,४७५ रुग्ण घेतले. त्यांतील ६१,९०९ हेलिकॉप्टरने आलेले होते. इजेची तीव्रता, वय, रक्तदाब वगैरे फरक हिशेबात धरल्यावर, सर्वोच्च श्रेणीच्या ट्रॉमा केंद्रात आलेल्यांत हेलिकॉप्टरने आलेल्यांचे वाचण्याचे प्रमाण दीड टक्क्याने अधिक निघाले. साध्या भाषेत, गंभीर जखमी असे साधारण पासष्ट रुग्ण हवेतून नेले तर एक जास्तीचा वाचतो. हा फायदा लहान म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. हृदयविकारावरील कितीतरी औषधे याहून कमी फायद्यावर सर्रास दिली जातात. मात्र हा हिशेब गंभीर इजा असलेल्यांचा आहे. किरकोळ इजेच्या रुग्णाला हवेत नेले तर फायद्याच्या रकान्यात शून्य पडते आणि उड्डाणाचा धोका तेवढाच राहतो. तो धोका २००८ साली अमेरिकेने जवळून पाहिला. हवाई रुग्णवाहिकांसाठी ते वर्ष तोवरचे सर्वांत घातक ठरले आणि २००९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला या विषयावर चार दिवसांची जाहीर सुनावणी घ्यावी लागली.

फायदा नेमका कशातून येतो हेही पाहायला हवे, कारण तो केवळ वेगातून येत असेल तर पहिल्या फोनवर पाठवण्याचा आग्रह लांबच्या अंतरांपुरताच टिकतो. ट्रूपर-२ मध्ये पॅरामेडिक होता, म्हणजे रुग्णवाहिकेत जे करता येते त्याहून फार वेगळे काही त्यात होणार नव्हते. जपानची ‘डॉक्टर-हेली’ ही हेलिकॉप्टर रुग्णसेवा याच्या उलट टोकाला उभी आहे. १९९५ च्या कोबे भूकंपात जखमींसाठी हेलिकॉप्टरांचा वापर जवळजवळ झालाच नाही, याची बोच तिच्या मुळाशी आहे. एप्रिल २००१ मध्ये ओकायामा प्रांतातील कुराशिकीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून ती रीतसर सुरू झाली आणि २००७ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. तिथे हेलिकॉप्टर रुग्णालयाच्या आवारात उभे असते आणि त्यातून डॉक्टर व परिचारिका जातात. ह्योगो प्रांताच्या उत्तरेला तोयोओका या छोट्या शहरातील रुग्णालय तर एकटे तीन प्रांतांचा भाग सांभाळते. तिथे ११९ क्रमांकावर आलेल्या फोनमध्ये ठरलेल्या शब्दांपैकी एखादा ऐकू आला, उदाहरणार्थ ‘छातीत दुखते’, ‘उंचावरून पडला’, ‘गाडीत अडकला’, की रुग्णवाहिका पोहोचण्याची वाट न पाहता हेलिकॉप्टर मागवतात. भेटीच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, बहुधा शाळांची मैदाने. अग्निशमन दलाचा बंब आधी पोहोचून मैदानावर पाणी मारतो, कारण पंख्याच्या वाऱ्याने उडणारी धूळ वैमानिकाच्या आणि रुग्णाच्या दोघांच्याही मुळावर येते. पथकाने रुग्ण पाहिला आणि गरज नाही असे कळवले तर हेलिकॉप्टर अर्ध्या वाटेतून परतते, आणि त्याबद्दल कुणाला खुलासा द्यावा लागत नाही. अशा परतलेल्या फेऱ्या ही त्या पद्धतीने आधीच कबूल केलेली किंमत आहे.

डॉक्टर त्या मैदानात उतरला की श्वासनलिकेत नळी घालणे, छातीत साचलेली हवा काढणे, रक्तस्राव आटोक्यात आणणे ही कामे तिथेच सुरू होतात. पुढचा प्रवास हवेतून होतो की रस्त्याने, हा नंतरचा आणि तुलनेने कमी महत्त्वाचा निर्णय ठरतो. अनेकदा डॉक्टर रुग्णवाहिकेत बसून रुग्णासोबत रस्त्यानेच जातो. लंडनमध्ये १९८९ पासून चालणाऱ्या हवाई रुग्णवाहिकेची पद्धत थोडी निराळी आहे. रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षात याच पथकाचा एक अनुभवी पॅरामेडिक बसतो आणि दिवसभरात येणाऱ्या हजारो फोनमधून आपल्या डॉक्टरची गरज पडेल असे मोजके फोन निवडतो. रेल्वेखाली आलेला माणूस, उंचावरून पडलेला, गाडीबाहेर फेकला गेलेला असे काही प्रकार थेट पाठवण्याचे असतात. बाकीच्यांत तो फोन करणाऱ्याशी स्वतः बोलून ठरवतो. जपानमध्ये जे काम ठरावीक शब्द करतात ते इथे माणसाचा कान करतो. दोन्हीकडे निर्णय पहिल्या काही मिनिटांतच होतो आणि तो सहज मागे घेता येतो. जपानची ही सेवा दिवसाउजेडीच चालते, ही बाबही नजरेआड करू नये. ट्रूपर-२ ची वेळ तिथे आलीच नसती.

भारतात हा विषय अजून बाल्यावस्थेत आहे. ऋषिकेशच्या एम्समधून ‘संजीवनी’ या हेलिकॉप्टर रुग्णसेवेचे उद्घाटन २९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले, आणि १७ मे २०२५ रोजी केदारनाथला रुग्ण आणायला गेलेले तिचे हेलिकॉप्टर उतरताना कोसळून त्याच्या शेपटीचा भाग तुटला. आतले तिघेही सुखरूप राहिले. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि त्यांत डॉक्टर असतो. म्हणजे डॉक्टर रुग्णाकडे नेण्याचे तत्त्व आपल्याकडे रस्त्यावर आधीच आहे. उद्या इथे कुणी हेलिकॉप्टर आणायचे म्हटले, तर त्यात १०८ मध्ये नाही असे काय असणार, हे त्याला आधी सांगावे लागेल.

मेरीलँडने अपघातानंतर काही दिवसांतच नियम बदलला. तिसऱ्या आणि चौथ्या प्रतीच्या रुग्णांसाठी हेलिकॉप्टर मागवण्याआधी रस्त्यावरच्या पथकाने ट्रॉमा केंद्रातील डॉक्टरचा सल्ला घेणे बंधनकारक झाले. योग्य केंद्र रस्त्याने तीस मिनिटांच्या आत असेल तर अपवादात्मक प्रसंग सोडून रस्त्यानेच न्यायचे, असेही ठरले. पुढच्या वर्षांत अपघातस्थळावरून होणारी रुग्ण-उड्डाणे जवळजवळ निम्म्याने घटली, आणि त्यामुळे राज्यातील जखमींचे मृत्यू वाढले असे आढळले नाही. जुन्या दोफँ हेलिकॉप्टरांच्या जागी २०१३ पासून ऑगस्टावेस्टलँडची नवी हेलिकॉप्टरे आली आणि वैमानिकाच्या शेजारचे आसन भरले: आता दोन वैमानिक उडतात. सुरक्षा मंडळाने दिलेल्या निष्कर्षात वैमानिकाच्या चुकीबरोबर पोलीस दलातील जोखीम-व्यवस्थापनाचा अभाव आणि हवाई नियंत्रकांच्या त्रुटी यांचीही स्पष्ट नोंद होती.

सल्ल्याच्या नियमाने गरज नसलेली उड्डाणे रोखली, आणि तेच त्याचे काम होते. मात्र ज्या तिसऱ्या प्रतीच्या रुग्णासाठी डॉक्टर शेवटी होकार देतो, त्याच्या बाबतीत आधी पथकाचे पोहोचणे, मग तपासणी, मग सल्ल्याचा फोन आणि त्यानंतर हेलिकॉप्टरची मागणी असा क्रम लागतो. सल्ल्यात गेलेली चार-पाच मिनिटे हेलिकॉप्टरच्याच खात्यात मांडली जातात, आणि वॉल्डॉर्फसारख्या चाळीस किलोमीटरच्या अंतरावर तेवढ्या वेळात रुग्णवाहिकेचे मागचे दार लावून चालकाने गाडी हमरस्त्याला घातलेली असते.